वुस्टरचा तिसरा नंबर आणि अडकलेला विड्रॉल: जरा लांबलचक उत्तर

तुमची पोस्ट वाचून हसावं की चिडावं कळेना. ऑफिसातल्या मंडळींबरोबर इंग्लंडातल्या वुस्टरला संध्याकाळच्या घोड्यांच्या शर्यतींना गेलात. सकाळीच मोबाइलवर आठ घोड्यांच्या हँडिकॅप चेसमध्ये (अडथळ्यांवरून पळायची शर्यत, चांगल्या घोड्यावर जास्त वजन) एका घोड्यावर १०/१ ला, म्हणजे एकास दहा भावानं, ईच-वे लावून ठेवलं होतंत. ईच-वे म्हणजे अर्धे पैसे घोडा जिंकण्यावर, अर्धे तो वरच्या नंबरांत येण्यावर. घोडा तिसरा आला आणि बेटिंग कंपनीनं छदामही दिला नाही. वर पुढच्या शर्यतीत जिंकलेले पैसे बँकेत घ्यायला गेलात, तर कंपनी म्हणते 'नाव जुळत नाही'. दोन्ही दुखण्यांशी माझी जुनी ओळख आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही आणि घोड्यांच्या टिप्स देत नाही. हे सगळं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सज्ञान माणसांसाठी आहे. विन-प्लेस म्हणजे काय, तिकीट कसं घ्यायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी तिसऱ्या नंबरचं. तिथे तुम्हाला कोणी फसवलेलं नाही. सकाळच्या यादीत किती घोडे होते ते कोणी विचारत नाही, शर्यत सुटताना किती होते ते बघतात. आठ किंवा जास्त असले तर पहिले तीन नंबर, भावाच्या एक पंचमांश दरानं. पाच ते सात असले तर पहिले दोनच, पाव भावानं. हँडिकॅपला बारापासून दर वाढतो आणि सोळापासून चौथा नंबरही मिळतो, पण उन्हाळ्यात जंप रेसिंगला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींना, एवढे घोडे जमतात कुठे! तुमच्या शर्यतीतला एक घोडा दुपारी निघाला, म्हणजे यादीतून काढून घेतला गेला असणार. १० पौंड ईच-वे म्हणजे तुमचे २० गेले. आठ धावले असते तर तिसऱ्याचे ३० (लावलेले १० धरून) हातात आले असते. सात धावले, शून्य आले.

हे उन्हाळ्यातच का जास्त होतं, ते कळलं तर पुढचे पैसे वाचतील. अडथळ्यांची शर्यत हा मुळात हिवाळ्याचा, ओल्या जमिनीवरचा खेळ. मे ते ऑक्टोबरमध्ये वुस्टर, न्यूटन ॲबट, मार्केट रेझन, स्ट्रॅटफर्ड, पर्थ असे छोटे ट्रॅक तो चालू ठेवतात. वुस्टरचं तर उन्हाळ्यावाचून भागतच नाही. पिचक्रॉफ्टचं मैदान सेव्हर्न नदीला इतकं चिकटून आहे की हिवाळ्यात पुराचं पाणी ट्रॅकवर येतं. पण उन्हाळ्यात जमीन कडक होते, आणि कडक जमिनीवर अडथळ्यावरून उतरताना घोड्याच्या पायावर जो मार बसतो त्याची ट्रेनर लोकांना धास्ती असते. ट्रॅकवाले पाणी मारून जमीन 'गुड' ठेवायची खटपट करतात, तरी आदल्या दिवशी सकाळी नाव दिलेला घोडा दुसऱ्या दिवशी ऊन बघून काढून घेतला जातो. उलट दुपारी वळवासारखी एक सर आली, तर कडक जमिनीवर पळणारा घोडा निघतो. यादी दोन्हीकडून गळते. म्हणून माझं स्पष्ट मत: उन्हाळ्यात बरोबर आठ घोड्यांच्या शर्यतीत सकाळी ईच-वे लावूच नये. नऊ-दहा असतील तर विचार करा. आठ असतील तर पॅडॉकमध्ये घोडे फिरताना मोजा आणि मग लावा. काहींना हे अति वाटेल, वाटू दे.

घोडा निघाला की आणखी एक कात्री लागते, 'रूल फोर'. तुम्ही भाव घेतल्यानंतर दुसरा घोडा निघाला, तर तुमच्या जिंकलेल्या रकमेतून कपात होते. निघालेला घोडा इव्हन मनीचा, म्हणजे एकास एक भावाचा असेल तर पौंडामागे ४५ पेन्स, ३/१ चा असेल तर २५ पेन्स, १४/१ च्या पुढचा असेल तर काही नाही. रेसकोर्सवरच्या बुकीलाही हाच नियम लागू. शर्यत सुटतानाचा भाव, म्हणजे एसपी, घेतला तर ही कपात सहसा टळते. पुढच्या शर्यतीत कमी पैसे आले असं जे तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते बहुधा यामुळेच.

(जाता जाता. घोडा निघाला की डबलचं (दोन घोडे जोडून लावलेल्या पैजेचं) सिंगल होतं, या नियमावर उत्तर इंग्लंडातल्या कार्टमेलच्या ट्रॅकवर १९७४ मध्ये केवढा डाव रचला होता माहीत आहे? ऑगस्टची बँक हॉलिडे. गे फ्यूचर नावाच्या घोड्याला त्याच ट्रेनरच्या दुसऱ्या दोन घोड्यांशी जोडून लंडनच्या दुकानांत डबल-ट्रेबल लावले. ते दोन घोडे तबेल्यातून हललेच नाहीत, त्यामुळे सगळा पैसा गे फ्यूचरवर सिंगल म्हणून पडला. कार्टमेलच्या फोनची अवस्था अशी की लंडनच्या पैशाची खबर ट्रॅकवर पोचेना. घोड्याच्या पायांना साबणाचा चुरा चोळून घाम फुटल्याचा देखावा केला, म्हणजे कोणी त्याच्यावर पैसे लावू नयेत, भाव १०/१, आणि घोडा १५ लेंग्थनी (पंधरा घोड्यांच्या लांबीनं) जिंकला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. ट्रॅक मात्र जाऊन बघण्यासारखा आहे. शेवटच्या फेन्सनंतर जवळपास अर्धा मैल पळायचं असतं, तिथे पुढे असलेल्या घोड्यावर आधीच नाचू नये.)

घोडा निवडण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. पुण्याला पावसाळ्यात आणि महालक्ष्मीला हिवाळ्यात रेस बघून आलेली आपली माणसं मागच्या तीन धावा बघतात आणि घोडा लावतात. इथे त्या तीन धावा जानेवारीतल्या चिखलातल्या असल्या तर रद्दी समजा. त्याच घोड्याची मागच्या उन्हाळ्यातली धाव शोधा. तेच ते खालच्या क्लासचे घोडे मे ते सप्टेंबर एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटत असतात.

आता खरं दुखणं, ती नाव जुळवणारी मंडळी. ज्या कंपनीशी माझी गाठ पडली तिचं नाव लिहीत नाही, आणि तुमचीही तीच असेल असं नाही. माझ्या भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये माझं आणि वडिलांचं नाव आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात. इथल्या बँकेत वडिलांचं नाव नाही. काउन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलावर त्याचं नुसतं आद्याक्षर. आपल्या घरोघरी हेच. खातं उघडताना, पैसे भरताना, महिनोन् महिने हरताना कोणाला त्याचं काही वाटलं नाही. न्यूटन ॲबटच्या एका दुपारी दोन घोडे लागले आणि पैसे काढायला गेलो, तेव्हा मधलं नाव कोणाचं, हा प्रश्न उपटला. पासपोर्ट पाठवला. उत्तर आलं, चारही कोपरे दिसत नाहीत. पुन्हा पाठवला. मग शेवटच्या पानावरचा कोथरूडचा पत्ता इथल्या पत्त्याशी जुळत नाही, असा शोध लागला! दर मेलला सही नव्या माणसाची, आधीचं कोणी वाचलेलं नाही. आणि मधल्या काळात विड्रॉल नामंजूर करून पैसे परत खात्यात टाकलेले, वर रोज 'आजच्या खास ऑफर्स'चा मेसेज. मला सगळ्यात महाग पडली ती ही गोष्ट. कुठल्याही घोड्यानं माझं इतकं नुकसान केलं नाही.

इलाज आहे. गॅम्बलिंग कमिशनच्या, म्हणजे बेटिंग कंपन्यांना लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, लायसन्सच्या अटींत १७.१.१ ही अट शोधा. नाव, पत्ता, जन्मतारीख ही खात्री खेळू देण्याआधी करायची असते, आणि जी माहिती आधी मागता आली असती ती पैसे काढताना अट म्हणून पुढे करायची नाही, असं तीत आहे. मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली काही विचारायचा हक्क त्यांना राहतो, तेव्हा अगदी हमखास म्हणणार नाही. पण चॅटवर भांडण्यात अर्थ नाही, तिथे फक्त 'आपली गैरसोय समजते' ऐकायला मिळतं. मेल करा, विषयात 'कम्प्लेंट' हा शब्द घाला, अटीचा क्रमांक लिहा आणि अंतिम उत्तर लेखी मागा. ८ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा त्यांनी आधीच हात वर केले, तर त्यांनी नेमलेल्या तंटा सोडवणाऱ्या संस्थेकडे जाता येतं. बऱ्याच कंपन्यांची ती आयबास असते, आणि ग्राहकाला फी नाही. माझ्या बाबतीत अटीचा क्रमांक लिहिलेला मेल गेल्यावर मधल्या नावाचं कोडं आपोआप सुटलं.

तोवर खात्यातल्या त्या पैशांना हात लावू नका. हात शिवशिवत असतील तर डिपॉझिटची मर्यादा आजच घालून घ्या. आवरतच नसेल तर गॅमस्टॉप आहे (ऑनलाइन बेटिंगची दारं स्वतःसाठी बंद करून घ्यायची सोय), त्यात लाज कसली. पुढच्या वेळी वुस्टरला जाताना मी तरी सांगेन की ठरलेली रोख रक्कम खिशात घेऊन जा आणि ट्रॅकवरच्या बुकीकडे लावा. जिंकलात तर तिकीट दाखवून तिथेच नोटा मिळतात. तिकीट मात्र जपा, आणि बोर्डावर ईच-वेचे नंबर किती लिहिलेत ते आधी वाचा, सगळ्यांचे सारखे नसतात.

त्यांच्या शेवटच्या मेलमधलं नेमकं वाक्य नाव-पत्ता खोडून इथे टाका. कुठला कागद मागतायत ते दिसलं की उत्तराचा मसुदा करून देतो.