क्रॉस्ड फील्ड अँटेनाने लहान अँटेनाची ‘चू मर्यादा’ खोटी ठरवली आहे का?

नाही, १९८०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या या अँटेनाचा दावा असा होता की विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे स्वतंत्रपणे निर्माण करून जुळवली, तर बुटका अँटेनाही उंच मनोऱ्याइतके प्रसारण करतो, पण विद्युतचुंबकत्वाचे मूलभूत नियम सांगणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांनुसार बदलती क्षेत्रे परस्परांशी बांधलेली असतात आणि ती अशी सुटी करता येत नाहीत. अँटेना तरंगलांबीच्या तुलनेत जितका लहान, तितकी त्याची बँडविड्थ (वापरता येणारा वारंवारतांचा पट्टा) अरुंद, ही अभियंता एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवलेली मर्यादा याच समीकरणांतून निघते: १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर असते, तेव्हा ६ मीटर त्रिज्येच्या गोलात मावणाऱ्या, ऊर्जाहानी नसलेल्या अँटेनाचा क्यू-गुणांक (साठलेल्या ऊर्जेचे प्रसारित ऊर्जेशी प्रमाण; तो जितका मोठा, तितकी बँडविड्थ अरुंद) किमान ५००च्या आसपास येतो, म्हणजे बँडविड्थ जेमतेम २ किलोहर्ट्झ. त्यामुळे अशा अँटेनाची बँडविड्थ रुंद दिसली, तर आधी शंका घ्यावी ती उष्णतेत वाया जाणाऱ्या शक्तीची किंवा अँटेनाला शक्ती पोहोचवणारी फीडर केबलच प्रसारण करत असल्याची. कमी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून केबलमध्ये परत फिरणाऱ्या लहरींचे माप) हा कार्यक्षमतेचा पुरावा मुळीच नव्हे, कारण प्रसारण न करता शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या डमी लोडचाही तो उत्तमच असतो. मात्र ही चू मर्यादा निष्क्रिय (प्रवर्धक नसलेल्या), रेषीय आणि काळानुसार न बदलणाऱ्या अँटेनापुरती आहे. सक्रिय जुळवणी परिपथ किंवा वेगवान स्विचिंग वापरून, मॅक्सवेलला धक्का न लावता, तिच्यापलीकडे जाता येते.