वाचकांचे प्रश्न : पार्थेनॉनचे खांब, गंजलेले लोखंड आणि ग्रीकांची ओळख

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलचे खांब ग्रीक पद्धतीचे आहेत असे सांगतात. असे खांब ओळखायचे कसे? (वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, मुंबई)

1833 मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दर्शनी भागातले आठ खांब डोरिक पद्धतीचे आहेत. कुठलाही खांब ओळखायचा तर आधी नजर वर न्यावी. शीर्षावर साधी गोल चकती आणि तिच्यावर चौकोनी फरशी असेल तर डोरिक. दोन्ही बाजूंना वेटोळी असतील तर आयोनिक, आणि अकँथस या झुडपाची पाने कोरलेली असतील तर कोरिंथियन. मग खांबावर कोरलेल्या उभ्या पन्हळी मोजाव्यात. डोरिकला बहुधा 20 असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. आयोनिकला साधारण 24 असतात आणि दोन पन्हळींच्या मध्ये अरुंद सपाट पट्टी राहते. शेवटी खांबाचा पाय पाहावा. अस्सल ग्रीक डोरिक खांबाला तळखडा नसतो, तो थेट चौथऱ्यावरून उठतो. डोरिक शीर्षाखाली तळखडा दिसला तर ते रोमन वळण समजावे.

प्रमाणही बोलके असते. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचा बाहेरचा खांब सुमारे 10.4 मीटर उंच आणि तळाशी सुमारे 1.9 मीटर व्यासाचा आहे, म्हणजे उंची व्यासाच्या जेमतेम साडेपाच पट. शिवाय तो मध्ये किंचित फुगीर आहे. चौथराही सपाट नाही, लांब बाजूला मध्यभागी सुमारे 11 सेंटिमीटर आणि आखूड बाजूला सुमारे 6 सेंटिमीटर उचललेला आहे. पट्टी लावून आखलेल्या नकला निर्जीव वाटतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

पार्थेनॉनभोवती इतकी वर्षे परांच्या का दिसत आल्या? दुरुस्ती संपत कशी नाही? (एक वाचक, नाशिक)

कारण बऱ्याच प्रमाणात आधीचीच दुरुस्ती दुरुस्त करावी लागली. इसवी सनापूर्वी 447 ते 432 या काळात मंदिर उभारताना चुना-गारा वापरलाच नव्हता. संगमरवराचे ठोकळे इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या लोखंडी क्लॅम्पनी जोडले आणि क्लॅम्पभोवती वितळलेले शिसे ओतले. शिशामुळे पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नव्हते, शिवाय मऊ असल्याने ते भूकंपाचा थोडा धक्का झेलत होते. मंदिर टिकले होते. ते फुटले 26 सप्टेंबर 1687 रोजी. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि वेढा घातलेल्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडलेले खांब पुन्हा उभे केले. हेतू चांगला होता, पण त्यांनी लोखंड वापरले ते शिशाच्या आवरणाशिवाय. पावसाचे पाणी आणि समुद्री हवा आत शिरली, लोखंड गंजले, गंजताना फुगले आणि त्याने संगमरवर आतून तडकवला. स्फोटातून वाचलेले दगडही असे फुटले. आणखी एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. तुकडे नीट बसावेत म्हणून मूळ दगडांच्या तुटलेल्या कडा छाटल्या गेल्या आणि कित्येक दगड त्यांच्या जागा सोडून भलतीकडे बसवले गेले. गंज काढता येतो, छाटलेली कड परत येत नाही.

1975 मध्ये नेमलेल्या समितीने ही पद्धत उलटी केली. मूळ दगडाला हात लावायचा नाही. त्याच्या तुटलेल्या बाजूचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि त्याला तंतोतंत बसेल असा नवा तुकडा पेंटेली डोंगराच्या संगमरवरातून कोरायचा. प्राचीन दगडही याच डोंगरातला. जोडणीला टायटॅनियमच्या सळ्या आणि पांढरे सिमेंट वापरतात, कारण टायटॅनियम गंजत नाही. क्लॅम्पची ताकद मुद्दाम बेताची ठेवतात, म्हणजे भूकंपात आधी धातू तुटेल, प्राचीन दगड नव्हे. एका ठोकळ्यासाठी एवढे सगळे करायचे तर वर्षे लागणारच.

ग्रीक मूर्ती मुळात रंगीत होत्या हे खरे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

हो. डोळे, केस, वस्त्रांच्या किनारी आणि शिल्पांमागची पार्श्वभूमी रंगवलेली असे. जमिनीत आणि उघड्यावर बहुतेक रंग गेले. अठराव्या शतकात युरोपने पांढरा संगमरवर हाच सौंदर्याचा आदर्श मानला, तेव्हा समोर होत्या त्या रंग उडालेल्या मूर्ती, त्याही बऱ्याचशा रोमन नकला. या समजापायी 1930 च्या दशकाअखेर ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची कित्येक शिल्पे तांब्याच्या हत्यारांनी खरवडून पांढरी केली गेली आणि त्यांचा मूळ पृष्ठभाग कायमचा गेला.

तरी काही कण उरले आहेत. ‘इजिप्शियन निळा’ या रंगावर लाल प्रकाश टाकला की तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो. अवरक्त टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढाच भाग पांढरा चमकतो. याच पद्धतीने पार्थेनॉनच्या आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर निळा रंग सापडला.

मॅरेथॉन प्राचीन ऑलिंपिकमध्ये होती का? आणि माझे घड्याळ 42.195 ऐवजी साडेबेचाळीस किलोमीटर का दाखवते? (धावपटू, पुणे)

नव्हती. ऑलिंपियातली सर्वांत लांब शर्यत मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या जास्तीत जास्त 24 फेऱ्यांची, म्हणजे पाच किलोमीटरपेक्षाही कमी. मॅरेथॉनची कल्पना मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाची, 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकसाठीची. तेव्हा अंतर सुमारे 40 किलोमीटर होते. 42.195 किलोमीटर 1908 मध्ये लंडनला धावले गेले आणि 1921 मध्ये पक्के झाले. मार्ग मोजताना वळणाच्या आतल्या कडेपासून 30 सेंटिमीटरवरून जाणारी सर्वांत छोटी रेषा धरतात. तुम्ही गर्दीत वळणे बाहेरून घेता, त्यात उंच इमारतींमुळे घड्याळाचा सिग्नलही चुकतो. मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरला एक मीटर जादाही धरलेला असतो.

आजच्या ग्रीकांना हा वारसा खरोखर आपला वाटतो, की पर्यटनापुरता? (एक वाचक, पणजी)

मनापासून आपला वाटतो, पण त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. 1834 मध्ये राजधानी अथेन्सला आणली गेली ती व्यापारासाठी नव्हे, प्राचीन अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या नावासाठी. त्यानंतर ॲक्रोपोलिसवरची, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीवरची मशीद, घरे आणि 1875 मध्ये मध्ययुगीन मनोराही पाडला. पार्थेनॉन हजारभर वर्षे चर्च होते आणि मग मशीद, हे आज तिथे फिरताना सहजी कळतच नाही. हे नुकसान मला मोठे वाटते. भाषेतही तसेच झाले. प्राचीन वळणाची शुद्ध भाषा शासनाने आणि शाळांनी लादली आणि घरची बोली खाली राहिली. 1901 मध्ये बायबलचे बोलीत भाषांतर छापल्यावरून अथेन्समध्ये दंगल होऊन माणसे मेली. बोलीला राजभाषेचा दर्जा मिळायला 1976 उजाडले.

लंडनला गेलेली पार्थेनॉनची शिल्पे परत द्या ही मागणी याच ओळखीतून येते. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने नेलेली ही शिल्पे ब्रिटिश सरकारने 1816 मध्ये 35,000 पौंडांना घेतली. 1963 च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमला संग्रहातल्या वस्तू कायमच्या देऊन टाकण्याची फारशी मुभा ठेवलेली नाही. 2009 मध्ये उघडलेल्या ॲक्रोपोलिस संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर मूळ शिल्पे आणि लंडनमधल्या शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती शेजारी शेजारी लावल्या आहेत, त्यामुळे काय नाही ते लगेच दिसते. 2023 मध्ये व्हॅटिकनने आपल्याकडचे तीन तुकडे परत केले, ते आता याच संग्रहालयात आहेत.