कॅरमचा हात शफलबोर्डला का चालत नाही (आणि हा खेळ परत का आला)

ऑफिसच्या लोकांबरोबर बारमध्ये शफलबोर्ड (लांब लाकडी टेबलावर जड चकत्या सरकवायचा खेळ) खेळलास, लहानपणापासून कॅरम येतं तरी एकेक पक, म्हणजे ती चकती, टेबलावरून खाली जात होता, आणि म्हाताऱ्यांचा समजला जाणारा हा खेळ आता जिकडेतिकडे कसा दिसायला लागला, असं विचारलंयस. मी न्यू जर्सीत आठेक वर्षं लीग खेळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी पकचं. कॅरमबोर्डाला चारी बाजूंनी फ्रेम असते, जोर जास्त झाला तरी स्ट्रायकर आपटून परत येतो. इथे फ्रेमच नाही, मेपल लाकडाचा २० इंच रुंद पट्टा, मोठं टेबल २२ फुटांपर्यंत लांब, आणि कडेनी सगळीकडे नाली. पक साधारण ३४० ग्रॅमचा, स्टीलचा. त्याला टिचकी मारलीस की संपलं. बोटांत हलका धर, दोनदा मागेपुढे झुलव आणि सोड, मनगटाला झटका द्यायचा नाही. तुझ्या कॅरमचा फायदा वेगळीकडे होणारे, तुला अँगल दिसतो आणि पावडर कळते. आपल्या बोरिक पावडरसारखे इथे सिलिकॉनचे बारीक मणी टाकतात, सगळे त्याला वॅक्सच म्हणतात, पक त्यावरून सरकतो आणि जिथे ते विरळ झालंय तिथे अडतो. शिवाय हवेनी लाकूड फुगतं-आक्रसतं, म्हणून टेबलाखाली स्क्रू असतात, ते फिरवून पृष्ठभाग मधे अगदी किंचित खोलगट ठेवतात. ज्या बारमध्ये हे कोणी बघत नाही तिथे सरळ सोडलेला पकपण एका बाजूला ओढला जातो, ती तुझी चूक नाही.

दुसरं म्हणजे नंबरांच्या मागे धावू नकोस. टेबलाच्या टोकाला एक, दोन, तीन अशी पॉइंटांची घरं आखलेली असतात, तीनचं अगदी कडेला. एका राउंडमध्ये (दोन्ही बाजूंचे सगळे पक टाकून झाले की एक राउंड) एकाच बाजूला पॉइंट मिळतात, आणि तेही समोरच्याच्या सगळ्यात पुढच्या पकच्या पुढे तुझे जेवढे असतील तेवढ्याचेच. तुझे तीन पक दोनच्या घरात आणि त्याचा एकच तीनच्या घरात, तर तुला शून्य! त्यामुळे पुढे गेलेला एक पक आणि त्याच्या मागे आडवा उभा केलेला दुसरा, हीच जोडी महत्त्वाची. शेवटच्या पकला हॅमर म्हणतात, राउंड जिंकणारा पुढच्या वेळी आधी खेळतो म्हणजे हॅमर हरलेल्याकडे जातो, आणि म्हणूनच गेम शेवटपर्यंत उघडी राहते.

आता परत का आला. माझं उत्तर आहे डबल्स. डबल्समध्ये तुझा पार्टनर टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तुझ्या शेजारी उभा असतो तो समोरच्या टीमचा माणूस. तिकडचे खेळत असतात तेव्हा तुम्ही दोघं नुसते मोकळे, मग बोलणार नाही तर काय करणार? मी या देशात आल्यावर पहिली दोन वर्षं ऑफिसबाहेर कोणाला ओळखत नव्हतो, माझे आजचे तीन जिवलग मित्र असे विरुद्ध टीममध्ये शेजारी उभे राहून झालेत. ताकद लागत नाही, वय आडवं येत नाही, घाम येत नाही.

खेळ तसा जुनाच, इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या १५३२ च्या खर्चाच्या हिशेबात शफलबोर्डवर हरलेले पैसे आहेत. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर बारांत तो जोरात चालला, मग मागे पडला. आत्ताच्या लाटेतलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे ब्रुकलिनचं रॉयल पाम्स, २०१४ ला उघडलं, पण तिथे १० कोर्ट आहेत ती जमिनीवरची, काठीनी डिस्क ढकलायचा खेळ, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या १९२४ च्या क्लबवरून सुचलेला. नाव एकच, पण खेळ वेगळे, गोंधळू नकोस. लंडनच्या इलेक्ट्रिक शफलमध्ये टेबलावर कॅमेरे लावून स्कोअर आपोआप मोजतात. मला ते नाही आवडत, कोणाचा पक पुढे आहे हे चौघांनी वाकून बघायचं, वाद घालायचा, त्यातच तर ओळख होते.

आठवड्यात मधल्या वारी लवकर जा, टेबल रिकामं असतं, बारवाल्याला नवीन वॅक्स टाकायला सांग आणि तासभर नुसता पहिला पक तीनच्या घरात थांबवायची प्रॅक्टिस कर. आणि ग्लास टेबलाच्या कडेवरसुद्धा ठेवू नकोस, ओल लागली की तिथे वॅक्सचे गोळे होतात आणि रात्रभर प्रत्येकाचा पक तिथेच अडकतो.