देवाचे आभार मनापासून मानायची सवय कशी लावावी?
प्रार्थनेत मागणंच होतं, आभार राहून जातात, असं तुम्ही म्हणता. दुखणं जुनंच आहे! बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, १७व्या अध्यायात, येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला येशूकडे परत आला तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांना परके मानत त्यांतला.

मी झोपण्याआधी दिवसातल्या एकाच गोष्टीसाठी उपकारस्तुती करतो, पण नेमक्या शब्दांत. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ नाही. ‘तापातून उठून लेक आज पोटभर जेवली, त्याबद्दल’.

आणि हो, वाईट दिवशी उसनं हसू आणू नका. प्रेषित पौल थेस्सलनीकरांना लिहिलेल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ म्हणतो (१ थेस्सलनी ५:१८). संकटाबद्दल आभार माना, असं तिथे नाही. मन अगदीच जड असेल तर बायबलमधलं स्तोत्र १३ वाचा. सहाच ओव्या, सुरुवात चक्क तक्रारीने, शेवट गाण्याने.