टेफ्लॉनचा लेप विजेने चढवता येईल का?

प्रश्न: आमच्या कारखान्यात पोलादी पिना आणि खोबणीचे छोटे ब्रॅकेट तयार होतात. फवाऱ्याने दिलेला टेफ्लॉनचा लेप खोबणीत पातळ आणि कडांवर जाड बसतो. वाहनांच्या सुट्या भागांना सीईडी (कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन, म्हणजे टाकीत बुडवून विजेने लेप चढवण्याच्या) पद्धतीने सर्वत्र सारखा लेप देतात, तसा टेफ्लॉनचा देता येईल का? – एक वाचक, भोसरी, पुणे

उत्तर: देता येतो, मात्र त्या लेपातले मुख्य द्रव्य टेफ्लॉन नसून इपॉक्सी हे रेझिन (राळेसारखे द्रव्य) असते, हे आधी लक्षात घ्यावे. सीईडीच्या टाकीत या रेझिनवर धन भार असतो आणि जॉब (लेप द्यायची वस्तू) ऋण टोकाला जोडलेला असतो. वीज सुरू होताच जॉबलगतच्या पाण्याचे विघटन होऊन तेथे अल्कलीचे प्रमाण वाढते, रेझिनचा भार नाहीसा होतो आणि ते तिथेच साकळून बसते. बसलेला थर विजेला अडवत असल्यामुळे प्रवाह उघड्या राहिलेल्या भागाकडे वळतो. आपल्या खोबणीत लेप पोहोचेल तो याच कारणाने.

टेफ्लॉनचे कण मात्र स्वतःहून असे ओढले जात नाहीत. त्याचे बाजारात मिळणारे दुधाळ मिश्रण पुष्कळदा ऋण भाराचे असते आणि ते तसेच टाकीत ओतल्यास टाकीतले सगळे मिश्रण दुधासारखे फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे धन भार देणारे द्रव्य वापरून स्थिर केलेले मिश्रणच मागवावे. टेफ्लॉन पाण्याच्या दुपटीहून जड असल्याने टाकीतले ढवळणे सुट्टीच्या दिवशीही थांबवता येत नाही.

सीईडीचा लेप साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजतात, तर टेफ्लॉन ३२७ अंशांच्या आसपास वितळते. त्यामुळे त्याचा सलग थर न होता कण इपॉक्सीत रुतून राहतात. घर्षण कमी होते, पण निव्वळ टेफ्लॉनइतके नाही. हलक्या भाराच्या, कोरड्या चालणाऱ्या पिनांना हा लेप माझ्या मते योग्य आहे. भार किंवा तापमान अधिक असेल, तर टेफ्लॉनयुक्त इलेक्ट्रोलेस निकेलचा (विजेशिवाय, रासायनिक क्रियेने चढवलेल्या निकेलच्या थराचा) विचार करावा.

पिनेला आटे असतील तर मापे आधीच बदलावीत, कारण ६० अंशांच्या आट्यावर २० मायक्रॉनचा लेप बसला की पिच व्यास (आट्यांच्या साधारण मध्यउंचीवर मोजलेला व्यास) सुमारे ८० मायक्रॉनने वाढतो आणि नट चढत नाही.

हँगरवर (जॉब टाकीत टांगण्याच्या आकड्यांवर) साचलेला लेप भट्टीत जाळून काढण्याची पद्धत या लेपासाठी मुळीच वापरू नये. तापलेल्या टेफ्लॉनमधून विषारी वायू निघतात. काम बाहेरून करून घेणार असाल, तर लेपात टेफ्लॉन असल्याचे तेथील कामगारांपर्यंत लेखी पोहोचवावे.