ताओवादाचा संस्थापक कोण? आणि लाओत्से खरंच भारतात आला होता का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: ताओवाद (चीनमधली जुनी विचारपरंपरा आणि धर्म) लाओत्सेने सुरू केला का, सुरुवातीला त्यात कोणते पंथ होते, आणि म्हातारपणी तो भारतात येऊन बुद्धाला भेटला हे एका व्हिडिओत ऐकलंत ते खरं का.

शेवटचं आधी निकालात काढतो. नाही, खरं नाही.

लाओत्सेचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चरित्र सीमा च्येन या हान काळातल्या इतिहासकाराचं, इ.स.पू. १०० च्या आसपासचं. त्यात लाओत्से चौ राजघराण्याच्या दरबाराचं दफ्तर सांभाळतो, भेटायला आलेल्या कन्फ्यूशियसला चार शब्द सुनावतो, आणि राज्याला उतरती कळा लागलेली बघून निघून जातो. सीमेवरच्या खिंडीत तिथला अधिकारी त्याला थांबवून म्हणतो, जाताय तर माझ्यासाठी एक ग्रंथ लिहून द्या. पाच हजार अक्षरांचा ग्रंथ, म्हणजेच 'ताओ ते चिंग', लिहून होतो आणि म्हातारा चालू लागतो. पुढे त्याचं काय झालं कोणालाच ठाऊक नाही, असं खुद्द सीमा च्येनच लिहितो. वर आणखी दोघांची नावं देऊन, काहींच्या मते लाओत्से म्हणजे हेच, असंही नोंदवतो. म्हणजे घोळ तेव्हापासूनचा आहे. ही रिकामी जागा पुढच्या लोकांनी भरली. इ.स. १६६ मध्ये बादशहाला सादर झालेल्या एका निवेदनात 'काहींच्या मते लाओत्से परमुलखात जाऊन बुद्ध झाला' असा उल्लेख येतो, आणि इ.स. ३०० च्या सुमारास यावर अख्खं पुस्तकच रचलं गेलं. बुद्ध हा आमच्याच माणसाचा अवतार, असं सांगून बौद्धांना खाली दाखवायचं, हा त्या पुस्तकामागचा डाव.

आता संस्थापक. माझं स्पष्ट मत: असा कोणी नव्हताच. १९९३ मध्ये हूपेई प्रांतात ग्वोत्येन इथे एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ सापडले. थडगं साधारण इ.स.पू. ३०० चं. त्यात 'ताओ ते चिंग'मधला मजकूर तीन वेगवेगळ्या जुडग्यांत मिळाला, तोही आजच्या ग्रंथाच्या जेमतेम दोन पंचमांश, आणि क्रम पूर्ण वेगळा. एकटाकी लिहिलेला ग्रंथ असा दिसत नाही. वचनं जमत गेली, जुळत गेली, असं दिसतं. आणखी एक गंमत. प्रचलित ग्रंथाच्या १९ व्या प्रकरणात दया आणि धर्मबुद्धी टाकून द्या, असा कन्फ्यूशियसच्या अनुयायांना सरळ टोला आहे. ग्वोत्येनच्या पट्ट्यांवर त्या जागी कृत्रिमपणा टाकून द्या अशा अर्थाचे शब्द आहेत. दोन विचारघराण्यांचं जुनं वैर म्हणून जे सांगितलं जातं, ते निदान या प्रतीत तरी नाही.

त्याच सुमाराचा 'नेईये' हा छोटा पद्यग्रंथ फार कमी लोक वाचतात, आणि माझ्या मते मुळापर्यंत जायचं तर तोच वाचावा. त्यात राजकारण नावापुरतं; सगळा भर शरीर सरळ ठेवणं, श्वास आणि मन स्थिर करणं, बेताने खाणं यावर. आपल्याला लगेच प्राणायाम आठवतो, पण नुसत्या साम्यावरून उसनवारी ठरत नाही. हा ग्रंथ पूर्वेकडच्या छी राज्याशी जोडलेल्या संग्रहात आहे. तिथल्या राजांनी राजधानीत निरनिराळ्या मतांच्या विद्वानांना पदरी ठेवलं होतं.

च्वांगत्से हा ताओवादी विचारवंत याच्या उलट. इ.स.पू. चौथ्या शतकातला, सुंग राज्यातला, लाखेच्या झाडांच्या बागेवरचा किरकोळ अधिकारी. प्रधानपद देऊ केलं तर नदीकाठी मासे धरत बसलेला हा माणूस विचारतो: देवळात पेटीत जपून ठेवलेलं मेलेलं कासव होणं बरं, की चिखलात शेपूट ओढत जगणारं? त्याच्या नावावरच्या ३३ प्रकरणांपैकी पहिली सातच साधारणपणे त्याची मानतात. बाकीची इतरांची, आणि त्यांचंही आपसात पटत नाही.

मग 'पंथ' आले कुठून? सीमा च्येनच्या बापाने, सीमा तानने, जुन्या विचारवंतांची सहा घराण्यांत वाटणी केली, त्यात 'ताओ'चं एक. तो इ.स.पू. ११० मध्ये वारला. म्हणजे लेबल दोनेकशे वर्षांनी लागलं.

त्याच्या डोळ्यांसमोर होता तो मुख्यतः ह्वांग-लाओ विचार: पौराणिक पीत सम्राट आणि लाओत्से यांच्या नावाने चालणारं राज्यशास्त्र. राजाने कमी ढवळाढवळ करावी, कर हलके ठेवावेत, कायदा आपलं काम करील. युद्धांनी पिचलेल्या हान राज्याला ते मानवलं. चिंग बादशहाची आई, राजमाता तोउ, याची कट्टर भक्त. युआन कू नावाच्या कन्फ्यूशियन पंडिताला तिने लाओत्सेच्या ग्रंथाबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, ही नोकरचाकरांची बडबड. बाई भडकल्या आणि पंडिताला डुकराशी झुंजायला खुराड्यात उतरवलं! बादशहाने गुपचूप धारदार सुरा दिला, पंडिताने एका घावात डुक्कर लोळवलं, म्हणून वाचला. 'काहीही न करण्याचा' विचार म्हणून ज्याचा गौरव होतो, त्याचा हा दरबारी चेहराही लक्षात असू द्या. इ.स.पू. १३५ मध्ये बाई गेल्या आणि ह्वांग-लाओचा दरबारातला दबदबाही ओसरला.

ज्याला खऱ्या अर्थाने पंथ म्हणावं, तो इ.स. १४२ नंतरचा. सध्याच्या सिच्वानमधल्या एका डोंगरावर, दैवत झालेल्या लाओत्सेने आपल्याला दर्शन दिलं असं चांग ताओलिंगने जाहीर केलं. अनुयायांनी पाच माप तांदूळ द्यायचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दहा लिटर. लोक त्यांना 'पाच माप तांदूळवाले'च म्हणत. आजारपण पापामुळे येतं ही श्रद्धा. त्यामुळे रोग्याच्या नावाने कबुलीजबाबाच्या तीन प्रती लिहायच्या: एक आकाशासाठी डोंगरावर ठेवायची, एक जमिनीत पुरायची, एक पाण्यात सोडायची. किरकोळ गुन्हा असेल तर शंभर पावलं रस्ता दुरुस्त करायचा. वाटसरूंसाठी धर्मशाळा होत्या, तिथे तांदूळ आणि मांस फुकट, पोटापुरतं घ्यायचं. नातू चांग लूने तर तिथे जवळपास स्वतंत्र राज्यच चालवलं. इ.स. २१५ मध्ये तो सेनापती त्साओ त्साओला शरण गेला, त्याच्या लोकांना उत्तरेकडे हलवण्यात आलं आणि पंथ तिकडेही पसरला.

वाचायला कुठून सुरुवात करावी असं पुढे विचाराल, तर च्वांगत्सेची पहिली सात प्रकरणं घ्या. 'ताओ ते चिंग' नंतर.