थर जाड केला म्हणून करंट वाढत नाही

पहिला सेंद्रिय सौर सेल पी३एचटी (प्रकाश शोषणारा पॉलिमर) आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन घेणारा कार्बनी रेणू) यांच्या मिश्रणाचाच करा. कार्यक्षमता ३-४ टक्क्यांवर अडते, पण चुका लवकर कळतात. आयटीओची (पारदर्शक, वीजवाहक लेपाची) काच साबण, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपेनॉलने धुऊन १५ मिनिटं यूव्ही-ओझोनमध्ये ठेवा. हे टाळलंत तर पेडॉट (काचेवर द्यायचं वीजवाहक पॉलिमरचं पाण्यातलं द्रावण) पसरतच नाही, थेंब नुसता गोळा होऊन बसतो. पेडॉट ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, एखादी गुठळीसुद्धा सेल शॉर्ट करू शकते. मग १५० अंशांवर वाळवा. उरलेलं पाणी पुढे भोवतं.

सक्रिय थर, म्हणजे त्या मिश्रणाचा थर, १००-२०० नॅनोमीटर पुरे. प्रकाशाने तयार झालेला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि होल यांची बांधलेली जोडी) दोन पदार्थांच्या सीमेवर पोहोचला तरच फुटून करंट देतो, पण तो जेमतेम १० नॅनोमीटर सरकतो, म्हणून दोन्ही पदार्थ तितकेच बारीक मिसळलेले हवेत. जाडी फार वाढवलीत की फिल फॅक्टर (सेलच्या कमाल व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष हाती येणाऱ्या शक्तीचं प्रमाण) घसरतो. आणि अ‍ॅल्युमिनियम चढवल्यावर सेल उघडा ठेवू नका, हवेने तो इलेक्ट्रोड कडेकडून खराब होत जातो.